घरातल्या घरात पासवर्ड

घरातल्या दोन संगणकांमध्ये फोल्डर शेअर करायला पासवर्ड कशाला, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. एका छपराखाली राहणाऱ्यांनी एकमेकांचे फोटो बघायला ओळख का पटवायची? नात्यात किंवा इमारतीत कुणी ‘शेअरिंग चालत नाही’ म्हणून बोलावलं, की मी त्याच मताने कामाला लागायचो. पासवर्डची अट बंद, फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी, आणि तरी नाही जमलं तर एसएमबी १, म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, पुन्हा चालू. आज यातलं काहीही मी करत नाही, आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

मत पालटलं ते धास्तीने नव्हे. धास्ती वाटावी असं तर कधीच घडून गेलं होतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्याच एका भगदाडातून. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भगदाड वापरलं आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तरीही मी म्हणायचो, ही कंपन्यांची दुखणी, दोन खोल्यांच्या घरात कोण शिरतंय?

मला बदललं ते दुरुस्तीच्या कामानेच. सगळं मोकळं ठेवलेलं शेअरिंग बंद पडलं, की ते का बंद पडलं याचा पत्ताच लागत नाही. २०१७ च्या अखेरीस विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी १ आपोआप मिळणं बंद झालं आणि ‘नेटवर्क’मधली संगणकांची यादी घरोघरी रिकामी दिसू लागली. लोकांना वाटलं शेअरिंगच मोडलं. वास्तविक मोडली होती ती फक्त यादी, कारण ती तयार करणारी जुनी सेवा एसएमबी १ वरच उभी होती. दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन संगणकाचं नाव टाइप केलं, तर फोल्डर उघडत असे. पुढे २०१८ मध्ये होमग्रुप ही विंडोजची घरगुती शेअरिंगची सोय गेली. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने, निदान प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत, प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही मागायला सुरुवात केली. ही सही ज्या किल्लीने होते ती ओळख पटवताना, पासवर्डच्या आधाराने तयार होते. बिनपासवर्डच्या पाहुण्याकडे किल्लीच नसते, म्हणून तो दारातच अडतो.

आधी मला हा निव्वळ जाच वाटला. मग एकदा राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी नीट वाचली. टीव्ही, कॅमेरा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन. राउटर ज्याला घर समजतो, ते माझ्या कुटुंबाहून बरंच मोठं होतं.

आता शेअरिंग अडलं की मी आधी दोन्ही संगणकांचा नेटवर्कवरचा पत्ता बघतो. आपल्याकडे हे फार होतं: ब्रॉडबँडवाला आपला वायफायवाला डबा लावून जातो आणि घरचे त्यापुढे स्वतःचा राउटर जोडतात. एका लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने. मध्ये, निदान एका बाजूने, भिंत आहे, फोल्डरच्या परवानग्या कितीही बदला. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवला की भिंत जाते. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर कुणी जोडलेलं असेल तरी अशीच भिंत उभी राहते. मग नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’, हे बघायचं.

आणि मग खातं. फोल्डर ज्या संगणकावर आहे तिथे शेअरिंगपुरतं वेगळं खातं काढायचं, त्याला पासवर्ड द्यायचा आणि फक्त त्यालाच परवानगी द्यायची, शेअरिंगमध्येही आणि ‘सिक्युरिटी’तही, कारण दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. रोजचंच खातं वापरायचं म्हटलं की लोक हमखास पिन टाइप करतात. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कला खरा पासवर्ड लागतो, आणि तो बहुतेकांना आठवत नाही. वेगळं खातं काढायचं एक कारण हेही.

यातून मला जे मिळालं त्याची अपेक्षा नव्हती. नाव असलेलं खातं अडलं की ते कुठे अडलं हेही बहुतेक वेळा सांगतं. पासवर्ड चुकीचा म्हणालं, तर रस्ता ठीक आहे. परवानगी नाही म्हणालं, तर खातंही ठीक आहे, फोल्डर बघा. पत्ताच सापडत नसेल, तर राउटरपाशी जा. मोकळ्या दारापाशी मी तासन्‌तास अंदाज बांधत बसायचो. आता शोध नेमक्या जागी सुरू होतो.

एकच गोष्ट अजून जड जाते. एसएमबी १ शिवाय दुसरं काही न समजणारे जुने स्कॅनर आणि टीव्हीचे डबे अजून घरोघरी आहेत, आणि ‘एवढ्यापुरतं चालू करून द्या ना’ असा आग्रह होतो. मी नाही म्हणतो आणि पेन ड्राइव्ह काढून देतो. काही जण नाराज होतात. त्यांची अडचण खोटी नाही, म्हणून फायली त्यात भरून देण्याचं काम मीच करतो.