सोसायटीचे हिशोब, भाचीचं ॲप आणि माझा सात वर्षांचा लॅपटॉप

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

२०१८ मध्ये घेतलेला माझा लॅपटॉप. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. गेल्या वर्षी त्याची अवस्था अशी झाली की बटण दाबायचं, आंघोळ करून यायचं, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा. कंपनीच्या सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने मशीन न उघडताच सांगितलं, "सर, जुनं मॉडेल आहे, ह्यात आता काही होत नाही. एक्स्चेंज ऑफर बघता का?" कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे वाक्य आजवर प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेलंच आहे.

मग डोंबिवली स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या रिपेअरवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत मागचं कव्हर काढलं. आत रॅमचा एक स्लॉट रिकामा, हार्ड डिस्क चार स्क्रूंवर, आणि शेजारी एम-डॉट-टू ची एक मोकळी जागा. म्हणजे बनवतानाच वाढवायची सोय करून ठेवलेली, आणि विकणारेच म्हणतात काही होत नाही!

आता माझा शहाणपणा ऐका. मी आधीच ऑनलाइन एक एनव्हीएमई एसएसडी मागवून ठेवली होती. बसली व्यवस्थित, पण लॅपटॉपला दिसेचना. दादा हसले. "साहेब, खाच सारखी दिसते म्हणून घेऊ नका. तुमचा स्लॉट फक्त साटावाला आहे." ती परत केली. शेवटी हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, एम-डॉट-टू मध्ये दुसरी छोटी साटा एसएसडी आणि आणखी ८ जीबी रॅम. फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते. पण खरा फरक बारीकसारीक फायली शोधण्यात पडतो, तिथे फिरत्या डिस्कचा जीव जातो. आता विंडोज पंधरा-वीस सेकंदांत हजर. सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या पाव किमतीतसुद्धा नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ताईची मुलगी सुट्टीला आली. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, मला आयफोनचं ॲप बनवायला शिकायचंय. तुझ्या लॅपटॉपवर होईल का?"

आयफोनचं ॲप बनवायला एक्सकोड लागतं, आणि एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालतं. तेव्हा सगळ्यात स्वस्त नवा मॅक म्हणजे मॅक मिनी होता. एम-फोरवाला भारतात आला तेव्हा किंमत ५९,९००, वर स्क्रीन-कीबोर्ड वेगळा. ॲप स्टोअरवर टाकायचं तर वर्षाला ९९ डॉलर निराळे. ताईच्या घरात ही रक्कम गंमत म्हणून निघत नाही.

म्हणून हॅकिंटॉश. ॲपलने २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून साध्या पीसीवर मॅकओएस चढवण्याचे उद्योग जगभर चालू आहेत. ओपनकोर नावाचा बूटलोडर मॅकओएसला पटवतो की बाबा, हे मशीन मॅकच आहे.

हे कायदेशीर आहे का? सरळ उत्तर, ॲपलच्या परवान्यात नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की ही सिस्टीम ॲपलच्याच मशीनवर चालवायची. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी असे पीसी विकत होती. ॲपलने २००८ मध्ये तिला कोर्टात खेचलं आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. मी काही विकत नव्हतो, घरच्या पोरीला शिकवत होतो, पण अट मोडली ती मोडलीच. साधू असल्याचा आव आणत नाही.

दोन वेगळ्या डिस्क असल्यामुळे ड्युअल बूट सोपं जाईल असं वाटलं. बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं, रीस्टार्ट केलं, आणि निळी स्क्रीन: बिटलॉकर रिकव्हरी की टाका. ४८ आकडी!

पोटात गोळा आला. कारण मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. दोन वर्षांचे मेंटेनन्सचे हिशोब त्या डिस्कवर, ऑडिट पंधरा दिवसांवर, आणि बॅकअप... नव्हता. एसएसडी टाकल्यावर 'सुरक्षितता' म्हणून बिटलॉकर मीच मोठ्या उत्साहाने चालू केलं होतं. कीची प्रिंट काढल्याचं आठवत होतं, कुठे ठेवली ते नाही. भाची काही न बोलता कपाटातल्या फायली उपसत बसली. रात्री अकराला कागद सापडला, वीजबिलांच्या फायलीत. हिशोब उघडल्यावर पहिलं काम पेनड्राइव्हवर कॉपी. दुसऱ्या दिवशी चेअरमनना सांगितलं, तर ते म्हणाले, "मला आधी का सांगितलंत? झोपलो असतो की शांत."

पुढचे चार दिवस भाचीनेच किल्ला लढवला. वायफाय चालेना, त्याची फाईल शोधली. टचपॅड चालेना, त्याची वेगळी. झाकण बंद केलं की मशीन झोपतं ते उठतच नाही, ते आजही तसंच आहे. पण सोनोमा चालू झालं, एक्सकोड उतरलं, आणि स्क्रीनवरच्या खोट्या आयफोनमध्ये तिचं बसच्या वेळा दाखवणारं ॲप उघडलं.

आता हे दारही बंद होतंय. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असं ॲपलनेच जाहीर केलंय. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढला, घरगुती वापरणाऱ्यांना जेमतेम एक वर्षाची वाढीव मुदत. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा सातवा. पंधरा-वीस सेकंदांत उघडणारं मशीन कागदोपत्री भंगार!

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. चांगलंच केलं. पण पोर्टलवर माहिती मिळते. हल्ली कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, काहींत स्टोरेजसुद्धा, तिथे आमचे स्टेशनवाले दादा काय करणार? मशीन विकताना डब्यावर ठळक लिहायला लावा की यातलं काय बदलता येतं आणि काय नाही. पंख्यावर-फ्रिजवर तारे छापतोच की आपण.

बाकी, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी चिठ्ठी लावलीय: जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी रविवारी दहा वाजता क्लबहाउसमध्ये आणा. आतापर्यंत तीन आलेत. दोघांना लिनक्स मिंट टाकायचंय. तिसऱ्याला बिटलॉकर आहे, आणि की कुठंय ते मालकांना आठवत नाहीये.