ओतलेला आकडा, ठोकलेला आकडा

जुनी जीप किंवा फोर-व्हील पिकअप गॅरेजात आली की मालकाचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. आम्ही आधी बॉनेट उघडतो. रंग पंधरा दिवसांत होतो. आतलं इंजिन गाडीचं मूळचं आहे की मागाहून बसवलेलं, हे ठरवायला कधी महिनाही जातो. मोशी-चिखलीच्या पट्ट्यात आम्ही दोघे भाऊ हेच काम करतो. अब्बांनी हात कधीच थांबवले, पण अस्रच्या नमाजनंतर ते खुर्ची टाकून बसतात आणि लांबूनच आवाज ऐकून म्हणतात, "हे इंजिन या गाडीचं नव्हे." बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

शेजारी चाकणला विजेवर चालणाऱ्या गाड्या तयार होतात आणि आम्ही सत्तर वर्षांपूर्वीचं लोखंड घासत बसतो, याची नातेवाईक थट्टा करतात. करोत. या लोखंडाला इतिहास आहे. १९४५ साली लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तीच राहिली. याच कंपनीने अमेरिकेच्या विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे तीच जीप इथे बनू लागली.

आता ओळखायचं कसं? महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनाचं हेड सपाट असतं, प्लग त्यावर उभे. सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यानंतरच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, बाहेर सोडणारा खालीच राहिला. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि सीजे-३बी जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. म्हणजे उंच बॉनेटखाली सपाट हेड दिसलं की समजावं, काहीतरी बदललेलं आहे. हेच हरिकेन एफसी-१५० या पिकअपमध्येही होतं. त्या गाडीला पुढे नाकच नाही, इंजिन दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. उन्हाळ्यात ती चालवणं म्हणजे चुलीशेजारी बसणं.

आमच्याकडे येणाऱ्या अनेक पेट्रोल जीपांत आज डिझेल इंजिन आहे. पेट्रोल परवडेना, मग ज्याला जे मिळालं ते बसवलं. कुणी प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, कुणी टेल्कोच्या पिकअपमधलं ४८३. या नावांतच खूण आहे: चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, चार सिलिंडर आणि ८३ चा. पण बोअरवर पूर्ण भरवसा नको. झिजलेलं सिलिंडर दर वेळी दहा-वीस थाउ, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग, मोठं केलं जातं. क्रँक बदलला नाही तर स्ट्रोक मात्र तोच राहतो. हेड उतरवलं, पिस्टन खाली-वर नेला आणि प्रवास मोजला की हरिकेनचा साधारण १११ मिलिमीटर भरतो, प्यूजोचा ८३. कागद काहीही म्हणो.

लष्करी जीपमध्ये आणखी एक गंमत. ती फोर्डनेही बनवली होती आणि फोर्डने आपल्या पार्टांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' हे अक्षर उमटवलं. विलीजच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल, फोर्डचा चौकोनी. दोन्हींचे पार्ट एकमेकांना बसत, त्यामुळे ऐंशी वर्षांत किती गाड्यांची खिचडी झाली असेल याचा हिशेब नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो आकड्यांत. ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात. एक ओतलेला, उठून दिसणारा. तो साच्यातून येतो आणि त्या जातीच्या सगळ्या ब्लॉकवर सारखा असतो. दुसरा पंचाने ठोकलेला, खोल गेलेला. तो त्या एकाच इंजिनाचा. हरिकेनवर तो पुढे, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर सापडतो. तिथली तेलकट काजळी रॉकेलने पुसायची, पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची. हे काम आता धाकट्या भावाची मुलगी करते. डिप्लोमाला आहे, हात हलका आहे. आकडे वाकडे आले म्हणून ती लगेच संशय घेत नाही, कारण कारखान्यातही माणूसच हातोडा मारायचा. ती आधी जागा बघते. मूळ जागेवर यंत्राच्या सरळ बारीक रेषा असतात. ग्राइंडर फिरलेला असेल तर चंद्रकोरीसारखे ओरखडे आणि किंचित खळगा. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून घासलेला आकडाही पुन्हा वाचता येतो, कारण ठोक्याने खालचा धातू दबलेला असतो.

एक गिऱ्हाईक एफसी-१५० घेऊन आलं. गाडीत डिझेल, पण आरसी बुकात अजून जुन्या पेट्रोल इंजिनाचा नंबर. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली व्हिंटेज नोंदणी मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. त्या साहेबांनी भंगारातून हरिकेनचा ब्लॉक मिळवला होता. म्हणाले, "उस्ताद, यावरचा नंबर घासून बुकातला ठोकून द्या. काय मागाल ते देतो."

आम्ही म्हटलं, ब्लॉक बसवतो, तो ज्या नंबरचा आहे त्याच नंबराने आरटीओत अर्ज करा, परवानगी घ्या. नंबर ठोकणार नाही. गुन्हा आहे हे खरंच, पण तेवढंच नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाहीस असं विक्रेत्याला विचारलं, ही हदीस आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. फिकहमध्ये खियार-ए-ऐब आहे: लपवलेला दोष नंतर कळला तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क. घासलेल्या नंबराचा ब्लॉक म्हणजे खाली ओलं धान्य, आणि ढीग आम्ही रचलेला.

साहेब गाडी घेऊन गेले. ॲडव्हान्स परत द्यावा लागला, नेमका पुतणीच्या फीच्या आठवड्यात. वहिनी दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. फी शेवटी उसनवारीवर भरली, ती अजून फिटतेय.

तेव्हापासून गाडी देताना आम्ही एक कागद जोडतो: कोणता पार्ट मूळचा, कोणता दुसऱ्या गाडीतला, कोणता नवा बनवलेला. त्यामुळे भाव कमी येतो. काही जण तो कागद बघून निघूनही जातात.

मूळचे पार्ट मिळणं मात्र अवघड होत चाललंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतली हजारो भंगार गोदामं आणि शेड पाडली गेली. तिथे कोणत्या ढिगात ट्रान्सफर केस आहे, कुणाकडे जुना डिस्ट्रिब्युटर आहे, हे आम्हाला पाठ होतं. आता ते दुकानदार पांगले. काही गावी गेले, काहींचे फोन लागत नाहीत. पुतणी वहीत नवे पत्ते लिहून ठेवते.

आणि एक विनंती. कुणाच्या दादांनी, नानांनी कधी जीप चालवली असेल, तर घरातल्या पेटीत जुनं आरसी बुक, विम्याचा कागद, गॅरेजची पावती असण्याचा संभव आहे. सफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. गाडी विकली गेली असली तरी त्यावरच्या नंबराची एखाद्याला गरज असेल. सध्या आम्ही अशाच एका सीजे-३बीचा कागद शोधतोय.