सगळ्या वर आल्या का?

बुरहानपूर,
आषाढ शुद्ध सप्तमी

चि. बेटा,


आज ताप्ती जयंती. सकाळी राजघाटावर जाऊन आले. पावसानं पाणी गढूळ झालंय, पण अजून पायऱ्या सोडून वर चढलेलं नाही. बायका चुनरी घेऊन आल्या होत्या, ढोल वाजत होता, पोरं पाण्यात उड्या मारत होती. सगळे मुलगेच. मी खालच्या पायरीवर पाय बुडवून बसले आणि तुझा रात्रीचा निरोप पुन्हा वाचला. लाटांवर जाणाऱ्या बायका देशभर विखुरल्यात, कुणी गोव्यात, कुणी मुलकीला, कुणी कोवळमला. त्यांना फोनवर का होईना, एका जागी आणायचंय, आणि त्यात काय असावं ते मी सांगावं, असं तू लिहिलंस. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं ते नव्हतं. म्हणून घरी येऊन वही काढली.

पन्नाशी उलटेपर्यंत समुद्र न पाहिलेल्या मावशीला तू हे विचारलंस, कारण मला घाट माहीत आहे. तर घाटापासूनच सांगते.

सात-आठ वर्षांची असताना मी नागझिरी घाटावर पोहायला शिकले. झाळून बंद केलेला पत्र्याचा रिकामा डबा पाठीला बांधायचा आणि दादाच्या मागोमाग पाण्यात उतरायचं. डबा वर धरून ठेवतो, हातपाय आपले आपण मारायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला. ओढ कुठं आहे, भोवरा कुठं फिरतो, पाय कुठं टेकतात, हे अंगाला कळायला लागलं. तेरावं लागलं आणि आजी म्हणाली, आता पुरे. कुणी रागावलं नाही, कुणी मारलं नाही. डबा माळ्यावर गेला, एवढंच. तुझी आई माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझं बंद झालं त्याच वर्षी तिची शिकायची वेळ आली होती, म्हणून तिला डबा मिळालाच नाही. तू लाटेवरचा फोटो पाठवलास की ती फोन उलटा ठेवते, याचं तुला वाईट वाटतं, मला माहीत आहे. तो विरोध नाही, बेटा. जिला पाण्याची ओळखच करून दिली नाही तिची ती भीती आहे. तुझ्या समूहात सर्फिंग करणाऱ्या मुलींइतकीच जागा त्यांच्या आयांनाही ठेव, ही माझी पहिली मागणी.

पोहणं सुटलं तरी घाट सुटला नाही. धुणं होतं ना. दहा-बारा बायका एका रांगेत, प्रत्येकीचा दगड ठरलेला. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरचा माग बंद पडलाय, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, सगळं तिथं कळायचं आणि तिथंच राहायचं. निघताना सगळ्यांत मोठी बाई पदर पिळत वर चढायची आणि वळून विचारायची, "सगळ्या वर आल्या का?" मग मोजणी. बायका, पोरं, बादल्या. एक जरी कमी असली तरी कुणी पाऊल उचलत नसे. नळ आले, धुणं घराघरात गेलं. बायकांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण ती मोजणीही गेली.

लहानपणी तुला कुंडी भंडाऱ्यात खाली उतरवलं होतं, आठवतं? तू माझं बोट सोडत नव्हतीस. अब्दुर्रहीम खानखाना इथं सुभेदार असताना 1615 साली तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञानं ते काम केलं. सातपुड्यातून ताप्तीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि नुसत्या उतारानं शहरात आणायचं. वरून पाहिलं तर माळावर एकामागे एक शंभरेक कुंड्या, प्रत्येक वेगळी विहीर वाटावी अशी. खाली उतरलं की कळतं, पाणी एकच आहे. प्रत्येक कुंडी आपल्यापुरता उजेड आणि हवा आत सोडते, म्हणून बोगदा श्वास घेतो. काल तुझा निरोप वाचला तेव्हा पहिल्यांदा तेच डोळ्यांपुढं आलं. बायका वेगवेगळ्या किनाऱ्यांवर एकेकट्या आहेत असं वाटतं, पण अडचण सगळ्यांची एकच असते.

ती अडचण मी गेल्या वर्षी उडुपीजवळच्या कोडी बेंगरेला तुझ्यासोबत पाहिली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. मुंबईत वाढलेली इशिता मालवीय मणिपालला शिकत असताना लाटांकडे वळली, आणि 2007 साली तिनं नि तुषार पथियननं तिथं शाका सर्फ क्लब काढला. भारतातली पहिली महिला सर्फर म्हणून आज तिचं नाव सांगतात. सुरुवातीला दोघांत मिळून एकच बोर्ड होता, हे तू सांगितलंस तेव्हा मला आमचा डबा आठवला. एक पाण्यात, दुसरा काठावर वाट पाहत. अशी वाट पाहण्यातूनच संगत जुळते. म्हणून सांगते, नव्या मुलीला कुठला बोर्ड विकत घ्यावा हे सांगण्याआधी, कुणाचा बोर्ड सकाळी दोन तास मोकळा असतो ते सांगा.

त्या सकाळी मी सलवार-कमीज घालून पाण्यात उतरले होते. कंबरेइतक्या पाण्यात सलवार भरली आणि पायांना दगड बांधल्यासारखं झालं. तू बोर्ड धरलास, पाठीमागून लाट आली, तू ढकललंस. मी उभी राहिले नाही, गुडघ्यावरही आले नाही. पोटावर पडून किनाऱ्यापर्यंत आले, वाळू छातीला लागली तेव्हा थांबले. त्रेचाळीस वर्षांनी पाण्यानं मला उचललं होतं. मी रडले ते तू पाहिलंस आणि काही बोलली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते.

त्याच सकाळी काठावर एक माणूस फोन धरून आपल्या सगळ्यांचं चित्रण करत होता, तेही आठवत असेल. तुम्ही चौघी मैत्रिणी पाण्यातून बाहेर आलात आणि काही न बोलता माझ्याभोवती उभ्या राहिलात, मी ओढणी गुंडाळेपर्यंत. कपडे बदलायला जागा नव्हती, दोघींनी चादर धरली. बायका पाण्यापासून लांब का राहतात असं विचारणाऱ्यांना ती चादर दाखवावी. लाट अंगावर घ्यायला त्या भीत नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर काय, हा त्यांचा प्रश्न असतो. पाळी चालू असताना काय करायचं, भिजल्यावर अंगाला न चिकटणारे कपडे कुठले, खाऱ्या पाण्यानं केस गळतात का, उन्हानं काळवंडलेल्या मुलीला पाहायला आलेल्या माणसांना काय सांगायचं. त्वचेच्या रंगापायी किती मुली किनाऱ्यावरून घरी बोलावल्या जातात, हे इशितासुद्धा वर्षानुवर्षं सांगत आली आहे. हे प्रश्न कुणी पुरुष शिक्षकाला विचारत नाही. तुझ्याकडे ते पहिल्या दिवशी विचारता आले पाहिजेत, तेही लाज न वाटता.

तू पाठवलेलं सगळं मी वाचलं, आणखीही शोधून वाचलं. हवाई बेटांवर बायका शेकडो वर्षं लाटांवर जात होत्या, राण्या आणि साध्या घरच्याही. 1820 नंतर मिशनरी आले आणि त्या खेळाकडे असभ्य म्हणून पाहिलं जाऊ लागलं. मग 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं, वीस पुरुष आणि वीस बायका, आणि बायकांचं पहिलं सुवर्ण हवाईच्याच कॅरिसा मूरनं नेलं. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती मधल्या काळातली गोष्ट. कॅलिफोर्नियात मॅव्हरिक्स नावाच्या ठिकाणी हिवाळ्यात अतिप्रचंड लाटा येतात. तिथल्या स्पर्धेत बायकांना जागाच नव्हती. बियांका वालेंटी, कियाला केनेली, पेज आम्स आणि अँड्रिया मोलर या चौघींनी 2016 मध्ये सबरीना ब्रेनन यांच्यासोबत एक समिती केली. त्यांनी अर्ज केले, सरकारी सुनावण्यांना जाऊन बसल्या, जागा मागितली आणि सारखं बक्षीसही मागितलं. 2018 च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतला एक फोटो जगभर फिरला. एकाच स्पर्धेत जिंकलेला मुलगा आणि मुलगी शेजारी उभे, त्याच्या हातात 8,000 रँडचा धनादेश, तिच्या हातात 4,000 चा. त्याच सप्टेंबरात वर्ल्ड सर्फ लीगनं जाहीर केलं की 2019 पासून बायकांना आणि पुरुषांना सारखं बक्षीस मिळेल. मोठ्या लाटेवर प्रत्येक बाई एकटीच जाते. सुनावणीला मात्र त्या चौघी मिळून गेल्या. तू जे बांधायला निघालीस त्याला असं काम करण्याचं बळ असावं असं मला वाटतं. नुसते फोटो दाखवायला किती जागा आहेत.

आपल्याला जवळची वाटेल ती गोष्ट मात्र श्रीलंकेतली. अरुगम बे इथं शमाली संजया आणि तिच्या मैत्रिणींनी 2018 मध्ये फक्त बायकांचा सर्फ क्लब काढला, त्या देशातला पहिला. त्यात आया आहेत, गावातच वाढलेल्या बायका आहेत. आपल्या किनाऱ्यावरही मासळी विकायला कोळीण बसते आणि होडी बहुतेक पुरुषांची असते. महाबलीपुरमची कमली मूर्ती अशाच कोळ्यांच्या वस्तीतली. तिच्यावर आणि तिच्या आईवर निघालेला लघुपट 2020 मध्ये बाफ्टाच्या नामांकनापर्यंत गेला, आणि आता ती राष्ट्रीय स्पर्धा जिंकते. तुझ्या समूहात या मुली आल्या नाहीत, तर तो शहरातून सुट्टीला येणाऱ्यांचाच राहील. त्यांच्यासाठी इंग्रजीत लिहायची सक्ती नको. तमिळ, कन्नड, कोकणी, मल्याळम, जिला जी येते तीत बोलून पाठवू दे, दुसऱ्या कुणी समजावून सांगेल. आम्ही इथं मराठी, निमाडी, गुजराती, उर्दू असं सगळं एका घाटावर बोलायचो. कुणाचं काही अडलं नाही.

समुद्राची ओढ म्हणजे काय, ते प्रत्येक नवीला पहिल्यांदा सांगा. पाणी आत खेचू लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, हे तू मला पाण्यात उतरण्याआधी तीनदा म्हणायला लावलंस. तसंच म्हणायला लावा. आणि जिला पोहता येत नाही तिला बोर्ड देण्याआधी पोहायला शिकवा. घोट्याला बांधलेली दोरी तुटू शकते.

शेवटचं सांगते, आणि यावर मी अडून बसणार आहे. समूहात हजार बायका झाल्याचा आनंद मानू नकोस. दर किनाऱ्याची छोटी टोळी कर, दहा-बाराजणींची, एकमेकींचे आवाज ओळखणाऱ्या. पाण्यात उतरताना एकीनं लिहायचं, चाललो. बाहेर आल्यावर प्रत्येकीनं आपलं आपण लिहायचं, आले. एकीचं जरी आलं नाही, तरी टोळीतली सगळ्यांत मोठी फोन लावेल, दुसरीला किनाऱ्यावर पाठवेल. कुणी आठवडाभर दिसली नाही तर तीही चौकशी व्हायला हवी. आमच्या रांगेतल्या एकीचा दगड चार दिवस रिकामा होता तेव्हा मोठ्या काकू धुणं तसंच ठेवून तिच्या घरी गेल्या होत्या. त्या गेल्या म्हणून ती वाचली. त्याबद्दल पुढं कधी कुणी बोललं नाही, मीही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता माझं काम. शेजारच्या आळीतली एक मुलगी, सतरा वर्षांची, गेल्या थंडीपासून माझ्याकडे पोहायला शिकते. घरी दोन माग आहेत. पाणी संथ असतं तेव्हा आम्ही पहाटे घाटावर जातो, तिची अम्मी पायरीवर बसून राहते. डबा मिळाला नाही, प्लास्टिकचा कॅन बांधला, तोही आता सुटलाय. तिला मी तुझ्या चित्रफितीतला लाटेवर उभं राहण्याचा क्षण दाखवला आणि तिनं तो इतक्यांदा पाहिला की माझी बॅटरी संपली. दिवाळीनंतर लाटा लहान आणि सरळ असतात, नवख्यांना तेच दिवस बरे, असं तू म्हणाली होतीस. तेव्हा आम्ही तिघी भुसावळला मंगला एक्सप्रेस पकडू, ती थेट उडुपीला उतरवते. येताना मावा जिलेबी आणेन. अम्मीचे तीन प्रश्न आहेत. पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे कपडे चालतात का, डोक्याला रुमाल घट्ट बसेल असं काही मिळतं का, आणि पाण्यात शिकवायला बाईच असेल ना. उत्तरं मला लिहू नकोस, तिलाच फोन कर. रात्री नऊनंतर कर, त्याआधी माग चालू असतात, तिला काही ऐकू येत नाही.

तुझी,
मावशी