दुसरा ससा
भित्रेपणाला सशाची उपमा देणाऱ्याने एकदा घरात दुसरा ससा आणून पाहावा. आमचा बंड्या चार वर्षे एकटाच नांदला. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास टेबलाखुर्च्यांना घासून त्याने साऱ्या घराचा सातबारा आपल्या नावे केला होता. त्याला सोबत म्हणून सखू आणली, तेव्हा धाकटीला वाटले, आज संध्याकाळीच दोघे एका ताटात जेवतील!

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र आधी दोघांची शस्त्रक्रिया उरकायला लावली आणि पुढे ६ आठवडे वेगळे पिंजरे सांगितले. पिंजरे शेजारी शेजारी, मध्ये वीतभर अंतर. रोज एकाचे गवत दुसऱ्याकडे. मग भेट ठरली ती शेजाऱ्यांच्या रिकाम्या गॅलरीत, जिथे दोघेही परके. पहिल्याच दिवशी केसांचे पुंजके उडाले. "बाबा, सखूला परत देऊ या," म्हणून धाकटी रडली.

रोज पाच-दहा मिनिटेच आम्ही त्यांना एकत्र सोडीत गेलो. बाराव्या दिवशी सखूने मान खाली घालून डोके पुढे केले. ही शरणागती नव्हे. सशांच्या रीतीत तो बहुधा हुकूमच असतो. बंड्या क्षणभर थबकला आणि तिचे कपाळ चाटू लागला.

सोबत लादता येत नाही. तिला दिवस द्यावे लागतात. सातबाऱ्यावर दुसरे नाव चढले, पण बंड्याच्या सहीने.