गिऱ्हाइकाची शंका आणि विक्रेत्याची लेखणी

इंटरनेटवरून माल विकणाऱ्या लहान धंद्याजवळ गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायला मालाचा खडा नसतो. आठवडे बाजारात गूळ घेणारी बाई ढेपेचा कोपरा फोडून जिभेवर ठेवते, विकणाऱ्याला त्याचे गाव विचारते आणि मगच पिशवी पुढे करते. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच घडत नाही. चव, ओळख, भाव आणि भरवसा ही चारही कामे तिथे मजकुरालाच करावी लागतात. त्यामुळे नियमित आणि उपयोगी लेखन हे अशा धंद्याचे भांडवलच असते. पैसे भरून केलेल्या जाहिरातीने माणूस एकदा दुकानापर्यंत येतो. त्याच्या मनातली शंका मात्र ती जाहिरात काढत नाही.

ही शंकाच लहान विक्रेत्याच्या आड येते. गूळ हवा असलेली माणसे पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. अनोळखी गावातून, अनोळखी माणसाकडून, आगाऊ पैसे भरून तो मागवावा का, इथे ती अडतात.

शंका आणि लेखणी यांची गाठ पडल्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नांगराचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि जानेवारी १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ काढायला सुरुवात केली. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेणारे ते छोटे पत्र होते. हळूहळू त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, कथा असे काय काय येऊ लागले आणि त्याचे मोठे मासिक झाले. १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. अमेरिकेत डिअर या नांगर बनवणाऱ्याच कंपनीने १८९५ पासून ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक चालवले आहे. दोन्हीकडची रीत एकच होती: वाचकाला त्याच्या कामाचे काही आधी द्यायचे आणि मालाचे नाव त्याच्या कानावर पडत ठेवायचे. आज ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात ते मराठीत शंभर वर्षांपूर्वीच, तेही फार वरच्या दर्जाने, झालेले आहे.

हीच रीत तळेगाव ढमढेरे परिसरातल्या एखाद्या घरगुती धंद्याला लावून पाहता येते. वेळ नदीकाठचे हे गाव शिरूर तालुक्यात, पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तोच रस्ता पुढे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात पारगाव, केडगावकडे उतरतो. हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि दौंडची गुऱ्हाळे प्रसिद्ध आहेत. ऑनलाइन विक्रेत्याला इथे पहिली अडचण गावाच्या नावाचीच येते. नुसते ‘तळेगाव’ लिहिले की शोधणाऱ्यापुढे मावळातले तळेगाव दाभाडे येते, आणि पार्सलही कधी कधी तिकडे जाते. त्यामुळे पाकिटावर, वेबसाइटवर, व्हॉट्सॲपच्या खात्यावर आणि नकाशावरच्या नोंदीत ‘तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर’ असे पूर्ण नाव, सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलेले हवे. बाब किरकोळ दिसते, पण पत्ता स्पष्ट नसलेल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक पैसे पाठवत नाही.

दुसरी अडचण रंगाची, आणि ती खोलवरची आहे. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, चढतो, चुलवाणात चिपाडाचा जाळ लागतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते आणि गूळ बनवणारा गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. रसातले आम्ल कमी व्हावे आणि गूळ नीट बसावा म्हणून बेताने चुना घालतात. इथपर्यंत सारे जुने आहे. बाजाराला पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून अनेक ठिकाणी यात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडते. त्याने रंग उजळतो, पण साठवणीत तो पुन्हा काळवंडतो आणि गुळात गंधकाचा अंश राहतो. ही पावडर न घालता केलेला गूळ तपकिरी, कधी काळपट निघतो, आणि वर्षानुवर्षे पिवळा गूळ पाहिलेल्या डोळ्यांना तो जुनाट किंवा जळका वाटतो.

अशा मालाखाली विक्रेते सहसा ‘शुद्ध, सेंद्रिय, केमिकलमुक्त, उत्तम दर्जाचा गावरान गूळ’ असे लिहितात. हे शब्द सगळ्यांच्याच पाकिटांवर असल्याने वाचकाची नजर त्यांवरून घसरते. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘ऊस को ८६०३२ जातीचा, लावण आपल्याच शेतातली. मळी भेंडीच्या पाण्याने काढली. हायड्रॉस नाही, म्हणून रंग तपकिरी आहे. प्रत्येक काहिलीचा रंग थोडा वेगळा येतो. पाकिटावर काहिलीची तारीख आहे.’ यात स्वतःची स्तुती करणारे एकही विशेषण नाही, तरी भरवसा बसतो, कारण प्रत्येक वाक्य तपासून पाहता येते. रंगावरची शंका गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच मिटते. अर्थात यातला शब्द न् शब्द खरा असेल तरच असे लिहावे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिक विक्रेत्याने लिहिलीच पाहिजे. नुसत्या काळपट रंगाने गूळ हायड्रॉसविरहित ठरत नाही. खारवट जमिनीतला ऊस, उसाची जात, चुन्याचा अतिरेक किंवा काहिलीत लागलेला रस यांनीही गूळ काळा होतो. रंग हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेचा अहवाल हा पुरावा आहे, आणि तो तारखेसकट वेबसाइटवर टाकता येतो. असे लिहिल्याने आपलीच बाजू लंगडी पडेल अशी भीती वाटते. अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात. कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर केलेले प्रयोग १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आले. विरुद्ध मताच्या आणि अधिक शिकलेल्या माणसांवर दोन्ही बाजू मांडणारा मजकूर एकतर्फी मजकुरापेक्षा जास्त परिणाम करतो, असे त्यांत दिसले. ऑनलाइन गूळ घेणारे गिऱ्हाईक नेमके असेच असते: शिकलेले आणि आधीच साशंक.

मधुमेहाबद्दलही हेच. गूळ खाल्ल्याने साखर वाढत नाही असा मजकूर सर्रास फिरतो. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते. लोह आणि इतर क्षार थोडे असतात एवढेच. ज्या विक्रेत्याच्या पानावर ‘मधुमेह असल्यास गूळही साखरेसारखाच मोजावा, डॉक्टरांना विचारावे’ असे लिहिलेले असते, त्याच्या बाकीच्या वाक्यांवरही वाचक विश्वास ठेवतो. चार गिऱ्हाइके गेली तरी चालतील, पण आजारी माणसाच्या आशेवर माल खपवू नये.

काय लिहावे हा प्रश्न अनेकांना अडवतो. विषय शोधायला लांब जावे लागत नाही. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न वहीत उतरवले की वर्षभराचे लेखन हाती येते. गुळाचा चहा का फाटतो? गूळ किंचित आम्लधर्मी असतो, उकळत्या दुधात पडला की दूध नासू शकते. म्हणून गॅस बंद करून, उकळी बसल्यावर गूळ घालावा. तिळाचे लाडू वळायच्या आधीच का सुटतात? साधा गूळ आणि चिकीचा गूळ यांत फरक आहे, आणि पाकाची गोळी पाण्यात टाकून पाहावी लागते. श्रावणात डब्यातल्या गुळाला पाणी का सुटते? गूळ हवेतली ओल शोषतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावा, ओला चमचा घालू नये. अशा एकेका प्रश्नावर दोन-तीनशे शब्दांचा, फोटोसह, घरच्या बोलीतला मजकूर पुरतो. त्याचे मथळेही लोक जसे विचारतात तसेच ठेवावेत; शोधणारा माणूस ‘गूळ साठवणुकीच्या पद्धती’ असे टंकत नाही, ‘पावसाळ्यात गूळ पातळ झाला तर काय करावे’ असे विचारतो.

वेळ साधणेही महत्त्वाचे आहे. चिकीच्या गुळाचे लेखन संक्रांतीच्या आदल्या दिवशी उपयोगाचे नाही. लोक डिसेंबरातच शोधू लागतात, पार्सलला दिवस लागतात. होळीची पुरणपोळी, पाडव्याचा कडुलिंब-गूळ, दिवाळीचे अनारसे, हिवाळ्यातले डिंकाचे लाडू, असे गुळाचे स्वतःचे पंचांग आहे आणि लेखन त्याच्या महिनाभर पुढे चालले पाहिजे.

फुकट दिलेल्या अशा माहितीचा धंद्याला काय लाभ, याचे उत्तर मानसशास्त्रात आहे. रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९८४ च्या ‘इन्फ्लुएन्स’ या पुस्तकात परतफेडीच्या भावनेला पहिले स्थान दिले: ज्याने आधी काही दिले त्याला आपणही काही द्यावे असे माणसाला मनापासून वाटते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती आवडू लागते. यामुळेच महिन्याला दोन छोटे लेख वर्षभर आले तर ते दिवाळीत एकदम टाकलेल्या वीस लेखांपेक्षा जास्त काम करतात. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांच्या १९६६ च्या प्रयोगांत लहान विनंती मान्य करणारे लोक पुढे मोठी विनंतीही मान्य करताना आढळले; अर्ध्या किलोचे पाकीट ठेवण्यामागे हेच गणित आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चोवीस प्रकारच्या जॅमपुढे जास्त लोक थांबले, पण सहा प्रकार मांडल्यावर खरेदी कितीतरी जास्त झाली. नव्या विक्रेत्याने ढेप, खडे, गुळाची पावडर आणि काकवी एवढ्यावर थांबावे. आले-गूळ, वेलदोडा-गूळ, हळद-गूळ अशी रांग लावण्याची घाई बहुतेकांना नडते.

आजूबाजूला पाहिले तर ही वाट चाललेली माणसे दिसतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या भोडणीचे सत्यजित आणि अजिंक्य हंगे हे भाऊ बँकेतल्या नोकऱ्या सोडून शेतीत उतरले आणि ‘टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स’ या नावाने तूप, खपली गहू, गूळ थेट गिऱ्हाइकाला विकू लागले. आपली शेती कशी चालते हे ते सतत लोकांना दाखवत आले. मधुरा बाचल यांनी २००९ पासून पाककृतींचे व्हिडिओ केले, पुढे मराठीतून शिकवायला सुरुवात केली, आणि स्वयंपाकघरात इतकी वर्षे उपयोगी पडल्यावर मग स्वतःचे मसाले बाजारात आणले. आधी शिकवणे आणि नंतर विकणे हा क्रम इथे धंद्याच्या मुळाशी आहे.

वर सांगितलेली मानसशास्त्रीय हत्यारे खोटेपणानेही चालवता येतात. ‘फक्त दोनच पाकिटे शिल्लक’ असे वर्षभर झळकत ठेवणे, शेवटच्या पायरीवर भावात न सांगितलेला खर्च मिसळणे, नातेवाइकांकडून पाच ताऱ्यांचे अभिप्राय लिहून घेणे हे प्रकार लहान विक्रेतेही करतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत यांतल्या काहींसह तेरा फसवे प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. खोटी घाई त्यांत पहिल्या क्रमांकावर आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हे धंद्याच्या मुळावर येते. गुळाला टंचाई खरोखर असते: हंगाम संपतो, काहील बिघडते, माल संपतो. ती खरी असेल तेव्हा ‘या हंगामाचा माल संपला, पुढचा नव्या उसाचा येईल’ एवढेच लिहावे. गिऱ्हाईक थांबते.

अभिप्रायांतही बरेवाईट दोन्ही राहू द्यावे. कोणी ‘ढेप फुटून आली’ असे लिहिले, तर ते पुसून टाकण्यापेक्षा त्याच्याच खाली उत्तर द्यावे: ‘ताई, फुटलेल्या ढेपेचा फोटो मिळाला. नवे पाकीट आज रवाना केले, त्याचे पैसे नाहीत. यापुढे खोक्यात दुहेरी पुठ्ठा घालत आहोत.’ हे उत्तर तक्रार करणाऱ्या बाईपेक्षा पुढची शंभर माणसे जास्त लक्ष देऊन वाचतात. चूक झाल्यावर विक्रेता कसा वागतो, हेच त्यांना पाहायचे असते.

लेखन कुठे ठेवायचे याबद्दलही स्पष्ट असावे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर माणसे भेटतात, पण तिथली जागा भाड्याची. नियम बदलले की पोहोच एका रात्रीत आटते. मूळ लेख स्वतःच्या वेबसाइटवर आणि गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या वहीत हवी. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने विक्रेत्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. ही अट उपयोगाची आहे: नंबर साठवणारे गिऱ्हाईक म्हणजे भरवसा ठेवलेले गिऱ्हाईक. केव्हिन केली यांनी २००८ मध्ये मांडले होते की एकट्या कलावंताला पोट भरण्यासाठी हजार सच्चे चाहते पुरतात. घरच्या गुऱ्हाळाला कदाचित त्याहूनही कमी पुरतील, कारण गूळ संपतो आणि पुन्हा लागतो. यश मोजायचे ते लाइकवर नव्हे. पहिल्यांदा घेतलेल्यांपैकी किती जणांनी तीन महिन्यांत पुन्हा मागवला, हा आकडा दर महिन्याला लिहून ठेवावा.

या सगळ्याला मोठा खर्च लागत नाही, पण दोन माणसांनी एकत्र बसावे लागते. गुळाची जाण गुळव्याजवळ असते. तो लिहीत नाही. मोबाइल हाताळणारी मुलगी किंवा सून लिहू शकते, पण काहिलीतला रस कधी उतरवायचा हे तिला ठाऊक नसते. दोघांचे ज्ञान एका पानावर आले की जो मजकूर तयार होतो, तो कुठल्याही शहरी जाहिरात कंपनीला लिहिता येत नाही. शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या गुऱ्हाळवाल्यांनी येत्या हंगामात पहिली काहील चढेल त्या दिवशी गुळव्याशेजारी बसून त्याला दहा प्रश्न विचारावेत, त्यांची उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून काढावीत आणि तेवढ्यावर सुरुवात करावी.