कनिष्क आणि शेजारचं दार

२०२५ सालची मंडळाची पिकनिक नेमकी अहमदाबादच्या विमान अपघातानंतर दोन दिवसांनी आली होती. आधी ठरलेली, पार्कचे पैसे भरलेले, त्यामुळे रद्द केली नाही. सुरुवातीला दोन मिनिटं शांतता पाळली, मग कणसं भाजायला घेतली आणि ग्रिलभोवती चौकशी समिती बसली. एकाच्या मते पक्षी, दुसऱ्याच्या मते फ्लॅप्स, तिसऱ्याच्या मते वैमानिक, चौथ्याच्या मते बोइंग कंपनी. २६० माणसं गेली होती, सगळ्यांची ओळखही अजून पटली नव्हती, आणि कणीस भाजून होईपर्यंत आमच्याकडे निकाल तयार होता! (पुढे महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले, असं त्यात होतं. ते का आणि कसे गेले, हे त्यात ठरवलेलं नव्हतं.)

आम्ही दोघं गप्प होतो. एका तरुण मित्राने विचारलंच, "काका-काकू, तुम्ही काहीच बोलत नाही?" जून महिना आणि एअर इंडिया एवढं एकत्र कानावर आलं, की आमच्या घरी बोलणं थांबतं. का थांबतं, ते लिहून द्या असं संपादकांनी सुचवलं, म्हणून हा प्रपंच.

जुन्या मंडळींना हे सांगायला नको, पण नव्यांपैकी बऱ्याच जणांना 'कनिष्क' म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. २३ जून १९८५, रविवार. टोरांटो-माँट्रियलहून लंडन, दिल्ली करत मुंबईला जाणारं एअर इंडियाचं जंबो, फ्लाइट १८२, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर असताना ३१,००० फुटांवर फुटलं. ३२९ माणसं होती, एकही वाचलं नाही. बहुतेक कॅनडाचे नागरिक. शाळा सुटायचे दिवस, त्यामुळे ऐंशीहून अधिक मुलं. सापडलेले मृतदेह १३१. त्याच दिवशी, जवळजवळ तासभर आधी, जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेत स्फोट होऊन सामान हलवणारे दोन कामगार गेले होते. ती बॅगही एअर इंडियाच्याच विमानात चढायची होती.

आमच्या मंडळातल्या एक वहिनी दोन मुलांना घेऊन त्या विमानात होत्या. भाऊ जुलैत जाणार होते. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहेच, कुणी देशात निघालं की आदल्या संध्याकाळी निम्मं गाव पिशव्या घेऊन त्यांच्या दारात. आम्हीही गेलो. व्हिटॅमिनच्या गोळ्या, बाबांना स्वेटर, भाचीला रंगीत पेन्सिली. वहिनींनी आत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. वजनाचा काटा बघितला, स्वतःची एक साडी बाहेर काढली आणि आमचं पुडकं आत सरकवलं.

त्या रविवारी दिवसभर फोन. संध्याकाळपर्यंत सर्वांनी आपापला दोषी ठरवला होता. त्या विमानाच्या पंखाखाली एक जादा, नादुरुस्त इंजिन बांधून नेत होते, ते बसवण्यात वेळ गेला म्हणून उड्डाणाला उशीर झाला होता. तेव्हा पहिला आरोपी ते इंजिन, दुसरे एअर इंडियाचे कर्मचारी. पण ही चर्चा रात्रीपर्यंत टिकली नाही. आदल्या वर्षी जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर घुसलेलं, ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिराबाईंची हत्या, मग दिल्लीत हजारो शिखांची कत्तल. "बॉम्ब" हा शब्द कुणीतरी उच्चारला आणि आमचा तपास तिथेच संपला.

आमच्या शेजारी एक सरदारजी राहायचे. पाजी आणि भाभीजी. हिवाळ्यात आमच्या गाडीची बॅटरी उतरली की पाजींच्या केबल, त्यांच्याकडे सरसों का साग झाला की आमच्याकडे डबा. पहिल्या वर्षी फावड्याने बर्फ कसा काढायचा, कंबर न मोडता, हे आम्हाला पाजींनी शिकवलं. त्या रविवारी रात्री साडेनवाच्या सुमारास आमची बेल वाजली. पडद्याच्या फटीतून पाहिलं, दोघंही उभे होते, भाभीजींच्या हातात काहीतरी झाकलेलं. आमच्यापैकी एकाने दिवा मालवला. कुणी, ते अजून आमच्यात ठरलेलं नाही आणि ठरवायचंही नाही. बेल दुसऱ्यांदा वाजली. मग पावलं परत गेल्याचं ऐकू आलं.

नंतर कधी भांडण झालं नाही. आम्ही फक्त गाडी लवकर काढायला लागलो. पुढच्या उन्हाळ्यात ते ब्रॅम्प्टनला गेले.

दोष सरकारनेही वाटला, पण वेगळ्या पद्धतीने. पंतप्रधान मुलरोनींनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना! आम्ही त्याच्या आदल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली होती, राणीच्या फोटोसमोर हात वर करून. आमच्या मुलांच्या शाळेतली मुलं गेली आणि सांत्वन दिल्लीला. आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याने अगदी मनापासून म्हटलं, "सॉरी, तुमच्या देशात भयंकर झालं." आम्ही थँक्यू म्हटलं. काय म्हणणार?

खरं काय झालं ते कळायला २०१० साल उजाडलं. न्यायमूर्ती जॉन मेजर आयोगाचा अहवाल त्या जूनमध्ये आला. तो वाचताना राग कुणावर धरायचा हेच कळेना. व्हँकूवरला 'एम. सिंग' नावाने एका माणसाने बॅग दिली. त्याचं पुढचं तिकीट पक्कं नव्हतं, तेव्हा बॅग थेट भारतापर्यंत पाठवता येणार नाही असं काउंटरवरच्या बाईने सांगितलं. मागे मोठी रांग, तो हट्टाला पेटलेला, शेवटी तिने बॅग घेतली. तो माणूस विमानात बसलाच नाही. टोरांटोत प्रवासी आणि बॅगा यांचा मेळ घातला नाही. एक्स-रे मशीन दुपारी बंद पडलं, मग हातातल्या एका यंत्राने बॅगा हुंगल्या. त्या यंत्राची चाचणी काही महिन्यांपूर्वीच फसलेली. पोलिसांचे श्वान शिक्षणासाठी व्हँकूवरला गेलेले. टाइम बॉम्बचा धोका आहे, अशी तार एअर इंडियाने मुंबईहून १ जूनलाच पाठवली होती. ती पोलिसांपर्यंत आली आणि गुप्तचर खात्याला कुणी दिलीच नाही. त्या खात्याची माणसं तर ४ जूनला संशयितांच्या मागावर रानापर्यंत गेली होती. आतून मोठा धमाका ऐकला आणि बंदूक असेल म्हणून परतली. पुढे त्यांच्याच फोनच्या टेपा पुसून टाकल्या.

बॉम्ब करणाऱ्यांचं पाप याने उणं होत नाही. पण शिक्षा झाली ती एकालाच. १९९१ साली नारिताच्या बॉम्बसाठी दहा वर्षं, २००३ साली कनिष्कसाठी आणखी पाच. बाकीचे दोन आरोपी मार्च २००५ मध्ये सुटले. आणि ज्या एका संपादकाने पोलिसांना जबाब दिला होता, ते तारासिंग हेयर, १९८८ मध्ये गोळ्या लागून पांगळे झाले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये स्वतःच्या गॅरेजमध्ये मारले गेले. सरदारजीच होते ते. आमच्या १९८५ च्या तपासात असा माणूस कुठे बसत नव्हता.

हेयर गेले त्याच हिवाळ्यात आम्हाला जेरार्ड स्ट्रीटवर किराण्याच्या दुकानात भाभीजी भेटल्या. आम्ही भेंडी निवडतोय असं दाखवलं. त्याच जवळ आल्या. मुलांची चौकशी झाली, पाजींच्या बायपासचं कळलं. मग त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "उस रात हम आये थे आपके यहाँ. इनके चाचा की बेटी थी उस जहाज़ में. पूरी गली में हमारा और था कौन?"

झाकलेल्या भांड्यात काय होतं, ते आम्ही विचारलं नाही. माफी मागितली, भेंडीच्या टोपलीसमोर, आणि तीही इंग्रजीत, कारण हिंदीत शब्द सापडेना. त्यांनी आमच्यापैकी एकीचा हात धरला आणि घरचा फोन नंबर दिला. तो आम्ही डायरीत लिहून घेतला. फोन करायला सहा वर्षं लागली. तोवर पाजी गेले होते.

स्टीफन हार्पर यांनी २३ जून २०१० ला टोरांटोत सरकारच्या वतीने माफी मागितली, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो. पंचवीस वर्षं लागली म्हणून शेजारच्या मित्राने शिव्या घातल्या. आम्हाला काही तो हिशेब घालायची हिंमत झाली नाही.

आता दर २३ जूनला हंबर बे पार्कमधल्या स्मारकावर जातो. तळ्याकाठी एक सूर्यघड्याळ आहे आणि नावांची भिंत. पिकनिकनंतर नऊ दिवसांनी, चाळीस वर्षं पुरी झाली त्या दिवशीही गेलो, जाताना ब्रॅम्प्टनहून भाभीजींना गाडीत घेतलं. त्यांना चालायला त्रास होतो, म्हणून जवळ पार्किंग शोधण्यात बराच वेळ गेला. भिंतीशी त्यांनी त्यांचं नाव शोधलं, आम्ही आमची तीन. ऊन फार होतं. मग त्यांनी थर्मास काढला आणि तिघांनी चहा घेतला.