गोळीची निवड

निवड करण्याची वेळ आली म्हणजे माणसाचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका तो एरवी क्वचितच पडत असेल. आंब्याच्या पेटीवर वाकलेला गृहस्थ, शालूच्या घड्या उलगडविणारी गृहिणी, किंवा मुलीसाठी स्थळे पाहत हिंडणारा बाप, यांच्याकडे घटकाभर लक्षपूर्वक पाहिले तरी त्यांच्या चरित्राचा निम्मा भाग वाचल्यासारखा होतो. परंतु बंदुकीची गोळी निवडणे हाही कोणाच्या जिवाचा विरंगुळा असू शकेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. उभ्या आयुष्यात खडूखेरीज दुसरे शस्त्र आम्ही हाती धरलेले नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून पुण्याच्या वेशीवर उभा आहे खरा. पण त्याच्या भिंतीवरून जाण्यापलीकडे आमचा त्याच्याशी संबंध आला नाही.

हा छंद आम्हांस कळला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. एके काळी आमच्यापाशी शेलीची कविता वाचणारा हा तरुण आता अमेरिकेत ओहायो प्रांतात स्थायिक झाला आहे. त्या प्रांतात ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी नावाचे स्थळ असून, १९०७ पासून तेथे राष्ट्रीय नेमबाजीचे सामने भरत आले आहेत. आमचे हे शेलीभक्त दर उन्हाळ्यात तेथील चांदमारीस जातात, आणि त्यासाठी लागणारी काडतुसे घरीच भरतात. उडालेली पितळी पुंगळी साफ करून मूळ मापावर आणावयाची, जुनी टोपी काढून नवी बसवावयाची, दारू तराजूत तोलून ओतावयाची, आणि शेवटी तोंडाशी गोळी बसवावयाची, असा हा चतुर्विध संस्कार आहे. पैकी पहिल्या तिहींचा निकाल त्यांनी पत्राच्या एका पानात लावला होता; उरलेली नऊ पाने केवळ गोळीच्या निवडीवर होती.

ती वाचताना आमचे लक्ष प्रथम वेधले ते वजनाच्या मापाने. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एका पौंडात असे ७००० ग्रेन असतात, आणि नावावरूनच दिसते की हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून आले. आमच्या सोनारांनी गुंजेचे बी घेतले, इंग्रजांनी दाणा घेतला, एवढाच फरक. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हा आमच्या आजीचा हिशेब; इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला होता. म्हणजे १५० ग्रेनची गोळी बरोबर दहा मासे भरते, आणि शिकारी लोकांची आवडती १८० ग्रेनची गोळी नेमकी तोळाभर! ज्या वजनाची पाटली आजीने सुनेच्या हाती घातली असेल, त्याच वजनाचे शिसे कोणी हरणाच्या काळजासाठी तोलून ठेवतो, हा विचार मनात येऊन आम्ही क्षणभर पत्र बाजूस ठेवले.

आमच्या विद्यार्थ्याची रायफल जॉन गॅरंड या कारागिराने रचलेली असून, अमेरिकन सैन्याने ती १९३६ साली स्वीकारली. तिची करामत अशी की गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचत असता तिच्यामागील वायूचा थोडासा अंश एका बारीक छिद्रातून खाली शिरतो, एका दांड्यास मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना तोच दांडा नवे काडतूस आत नेतो. अशी आठ काडतुसे ओळीने उडतात; नेमबाजाने केवळ चाप ओढावयाचा. परंतु या सुखाची किंमत निवडीच्या वेळी मोजावी लागते. गोळी फार जड घेऊन तिच्यामागे सावकाश जळणारी दारू भरली, तर छिद्रापाशी दाब वाजवीपेक्षा अधिक राहतो, आणि त्या तडाख्याने दांडा वाकण्याचा संभव असतो. टोक मऊ शिशाचे असेल तर आत शिरताना ते आपटून चेपते. पुंगळीची पकड ढिली असेल तर धक्क्याने गोळी आत दबते, आणि काडतुसातील दाब भलताच वाढतो. म्हणून कित्येक जण गळ्याशी खाच असलेली गोळी घेऊन पुंगळीचे तोंड त्या खाचेत आवळून बसवितात. हाताने खटका मागेपुढे करावयाच्या साध्या रायफलीचा धनी नळीस मानवेल ती गोळी घेण्यास बराचसा मोकळा असतो. स्वयंचलित यंत्राच्या धन्यास मात्र आधी यंत्राची मर्जी राखावी लागते. जे यंत्र आपले कष्ट हलके करते ते आपली निवडही थोडी हलकी करते, हा अनुभव बंदुकीपुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही.

खुद्द सरकारेही या बाबतीत फार स्वतंत्र नसतात. अमेरिकन सैन्याची १९०३ ची गोळी २२० ग्रेनची व बोथट नाकाची होती. १९०६ मध्ये ती टोकदार व १५० ग्रेनची झाली. पहिल्या महायुद्धात तिचा पल्ला अपुरा वाटला, म्हणून १९२६ च्या सुमारास निमुळत्या बुडाची, सुमारे १७३ ग्रेनची गोळी आली. ती इतक्या दूर जाऊ लागली की सरावाची मैदानेच तोकडी पडली! अखेर १९४० च्या आगेमागे सैन्य पुन्हा जुन्या वजनाच्या जवळपास आले.

पत्राच्या शेवटी आमच्या विद्यार्थ्याने आपली आवडती गोळी वर्णिली होती. तिच्या टोकास बारीक छिद्र असते. ते जखम वाढविण्यासाठी नसून, तांब्याचे कवच बुडाकडून टोकाकडे ओढीत आणल्यामुळे राहिलेले असते. बूड निर्दोष राहिले म्हणजे नेम अधिक अचूक लागतो. तरीही त्या छिद्राबद्दल शंका निघालीच, आणि अशी गोळी युद्धात वापरणे कायद्यास धरून आहे, असे लेखी मत अमेरिकन सैन्याच्या कायदेपंडितांना १९९० साली द्यावे लागले.

या शंकेचे मूळ आमच्याच देशात आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाशी कवच उघडे ठेवलेली गोळी सिद्ध केली. शरीरात शिरताच ती पसरे. वायव्य सरहद्दीवरील टोळीवाले साध्या गोळीने थांबत नाहीत, ही तिच्यामागील तक्रार होती. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांच्या बंदीचा प्रश्न निघाला, तेव्हा सर जॉन आर्डा या इंग्रज प्रतिनिधीने असा युक्तिवाद केला की सुधारलेला सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी माणूस मात्र धावतच राहतो. बंदी मंजूर झाली, इंग्लंडने ती १९०७ साली मान्य केली. पण ती करारात सामील असलेल्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतीच होती. सरहद्दीवरच्या पठाणास त्या करारात जागा नव्हती.

आमच्या विद्यार्थ्याची गोळी कागदाच्या निशाणापलीकडे कोणाचे काही बिघडवीत नाही, आणि दाण्यादाण्याने तोलण्याच्या त्याच्या चिकाटीचे आम्हांस कौतुकच वाटते. त्यास उत्तर लिहिताना आम्ही हा डमडमचा वृत्तान्त सविस्तर कळविला, आणि एवढेच जोडले की वजन, आकार, बूड, टोक यांची तुलना करणारी जी कोष्टके तो चाळतो, त्यांत एक रकाना नेहमीच नसतो. गोळी कोणासाठी निवडली आहे, हे त्यांत लिहिलेले नसते. कँप पेरीवर त्या रकान्यात कागद लिहिता येतो. डमडमच्या कारखान्यात तेथे काय लिहिले होते ते आपणांस ठाऊक आहे, कारण तेथे आपलीच माणसे होती.